आजीच्या डब्यातल्या कवड्या आणि नागपूरला न दिसलेला समुद्र

महालवासी | रविवार, रात्री ९.४०

मागच्या आठवड्यात महालातलं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावर आजीचा पितळी डबा निघाला. आत काळी पडलेली जोडवी, हळकुंडाचे दोन तुकडे आणि एका पुरचुंडीत कवड्या. याच कवड्या घेऊन आम्ही ओसरीवर अष्टचंग खेळायचो. खडूने फरशीवर घरं आखायची, चार कवड्या मुठीत घोळवायच्या आणि टाकायच्या. आजी भिंतीला टेकून बसून आमची भांडणं सोडवायची.

या वेळी पहिल्यांदाच त्या नीट पाहिल्या. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पिवळसर पांढरी, पाठीवर गुळगुळीत, कडेला जराशी कोनदार, पोटाशी दातांसारख्या कंगोऱ्यांची फट. काहींच्या पाठीला भोक आहे, म्हणजे कधी तरी माळेत ओवलेल्या असणार. डोक्यात आलं की आपल्याला धड नदी नाही, नाग नदी म्हणजे नाला झालाय, समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. मग ही समुद्रातली वस्तू नागपूरच्या घराघरांत, तुळजाभवानीच्या परडीत, बाळाच्या करगोट्यात, भाषेत कशी येऊन बसली? "कवडीमोल", "फुटकी कवडी", "कवडीचुंबक" हे शब्द समुद्र न पाहिलेली माणसंही रोज बोलतात.

चार रात्री वाचत बसलो. जे कळलं ते इथे मांडतो, कारण घरात सांगून माझं समाधान होईना.

पैसा म्हणून चालणारी ही कवडी मुख्यतः मालदीवची. तिथल्या उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकून ठेवत, कवड्या त्यांना चिकटत. मग त्या वाळूत पुरायच्या, आतला जीव सडून गेला की धुऊन काढायच्या, आणि नारळाच्या पानांच्या गाठोड्यांत, एकात बारा हजार अशा, बांधायच्या. बंगाल-ओडिशाची गलबतं तिथे तांदूळ घेऊन जात आणि कवड्या भरून आणत. मालदीवला भात पिकत नव्हता, आणि बंगाल-ओडिशाला छोट्या व्यवहाराला नाणं हवं होतं. तिथला हिशेब असा: ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण. म्हणजे काहण १२८० कवड्यांचा. रुपयाला हजारोंनी कवड्या येत, म्हणून भाजी, मीठ, मजुरी यांसाठी रुपया फार मोठा आणि कवडी अगदी बेताची.

इथवर वाचून मला बरं वाटलं होतं. पुढचं वाचून झोप लागली नाही. डच आणि इंग्रज कंपन्या याच कवड्या बंगाल आणि श्रीलंकेतून उचलून, जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरून युरोपला नेत. अॅमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचा लिलाव होई. तिथून त्या पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बेनिन देशातल्या विदाह बंदरात आणि आसपास. आणि तिथे त्या देऊन माणसं विकत घेतली जात. १७०० ते १७९० या काळात डच आणि इंग्रजांनी मिळून एक हजार कोटींच्या आसपास कवड्या तिकडे नेल्याचा अंदाज आहे. किमतीचा एक भाग कवड्यांत, बाकी कापड, बंदुका, दारू, तंबाखू.

कवड्यांची गलबतं लागायची ते एक बंदर होतं ओडिशातलं बालासोर. आणि १७५१ नंतर ओडिशावर अर्धं शतक अंमल होता आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. आमचं घर त्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर.

तुमच्या घरात, धंद्यात, शेतात असं काही आहे का, ज्याचा धागा समुद्रापार जातो? लिहा, कितीही मोठं लिहा.

भिवापुरी | रविवार, रात्री १०.१५

दादा, लय चांगलं लिहिलं. मी भिवापूरचा. आमच्या इकडे मिरचीचा सातरा असते, बाया दिवसभर बसून लाल मिरचीचे देठ खुडते. माझ्या मायनं वीस वर्षं ते काम केलं. रात्री हाताची आग होये म्हणून ती पाण्याच्या बादलीत हात घालून झोपे. तिले कोणी सांगितलं असतं का हे पीक मेक्सिकोकडचं हाय, तं तिनं इश्वास ठेवला नसता. मलेबी कालेजात गेल्यावरच समजलं.

पोर्तुगीज गोव्यात यायच्या आधी आपल्या देशात मिरची नव्हतीच. तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, सुंठ. "मिरची" हा शब्दबी मिरीवरूनच. मिरी केरळातून याची, महाग. मिरची आपल्या काळ्या मातीत गरिबाच्या धुऱ्यावरबी येते, वाळवून वर्षभर टिकते. म्हणून ती सोळाव्या शतकात किनाऱ्यावर उतरली आन् आतल्या मुलखात कोणाच्या हुकमाबिगर पसरली. मिरीसाठी जहाजं घेऊन आलेल्या लोकायनं मिरीचीच गरज कमी करणारी वस्तू आणली. सावजीचा रस्सा मिरचीबिगर कोणी करून दाखवावा.

इतवारी_सराफ | सोमवार, सकाळी ७.३०

धागा रात्रीच वाचला, दुकान उघडायच्या आधी लिहितो.

आमच्या पेढीवर आजोबा जुना रुपया आला की दगडावर वाजवून पाहायचे. आवाज लांबला तर कस चांगला. मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढी चांदी आपल्या देशात कोणत्या खाणीत निघायची? ते म्हणाले, आपल्याकडे नाही बेटा, ही सगळी बाहेरची. त्याहून जास्त त्यांनाही सांगता आलं नाही.

"बाहेरची" म्हणजे कुठली, ते मी पुढे शोधलं. १५४५ साली आजच्या बोलिव्हियात पोटोसी नावाच्या डोंगरात चांदी सापडली. चार हजार मीटर उंचीवर, जिथे श्वास घेणं जड जातं तिथे, स्पेनच्या व्हाइसरॉयने १५७० च्या दशकात सक्तीची पाळी लावली: आसपासच्या प्रांतांतल्या गावांनी दर वर्षी सातातला एक पुरुष खाणीला द्यायचा. वर्षाला तेरा हजारांच्या आसपास माणसं. चांदी सुटी करायला पारा लागे, तो पेरूतल्या ह्वांकावेलिकाच्या खाणीतून, आणि त्या पाऱ्याने तिथले मजूर वेगळे मरत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या उजाड डोंगराखाली दीड लाखाहून जास्त वस्तीचं शहर उभं होतं.

त्या चांदीचं आठ रियालचं नाणं पाडलं जाई. ते दोन वाटांनी आशियात येई. एक युरोपमार्गे आफ्रिकेला वळसा घालून. दुसरी वाट सरळ प्रशांत महासागर ओलांडून अकापुल्को ते मनिला, १५६५ पासून १८१५ पर्यंत. मनिलाची चांदी चीनकडे ओढली जाई, कारण मिंग राज्याने शेतसारा चांदीत घ्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे सुरत, हुगळी, मच्छलीपट्टणला ती उतरे. ते नाणं इथे तसंच चालत नसे. सराफाकडे बट्टा कापून जाई, टांकसाळीत वितळे आणि त्यातून मुघली शिक्क्याचा रुपया निघे. वजनाने एका स्पॅनिश नाण्यात दोन रुपयांहून थोडी जास्त चांदी.

आता नागपूरशी जोड पाहा. बंगालमध्ये इंग्रज कंपनी कापड आणि रेशीम घ्यायला येई तेव्हा जहाजात माल कमी आणि चांदीच जास्त असे, कारण युरोपचा माल इथे फारसा कोणाला नको होता. ती चांदी मुर्शिदाबादच्या जगतशेठांच्या पेढीवर जाई. १७४२ च्या बंगालवरच्या स्वारीत, नवाबाला सोडून भोसल्यांकडे गेलेल्या मीर हबीबने तीच पेढी लुटली. आणि १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने नागपूरला वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. म्हणजे पोटोसीच्या मजुराने उपसलेली चांदी कापडाच्या बदल्यात बंगालला आणि तिथून चौथाईच्या हक्काने नागपूरच्या तिजोरीकडे. आजोबा असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

गोळीबार_चौक | सोमवार, दुपारी २.०५

सराफ काका, तुम्ही कापडाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमचं घर विणकराचं. बाबांचा माग विकला तेव्हा मी दहावीत होतो. मागाचा खड्डा बुजवून तिथे आता फ्रिज ठेवलाय, पण फरशीचा रंग त्या जागी वेगळा आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जे दिलं गेलं त्यात मोठा वाटा कापडाचा होता, आणि त्यातलं पुष्कळ आपल्या देशातलं. कोरोमंडल किनाऱ्यावर निळीत रंगवलेलं जाड कापड विणत, त्याला गिनी कापड असंच नाव पडलं होतं, कारण ते पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यासाठीच. गुजरातचं पट्ट्या-चौकड्यांचं कापडही जाई. तिथली गिऱ्हाइकं फार चोखंदळ होती. रंग, वास, खळ, घडी यांवरून ते अस्सल माल ओळखत आणि फ्रान्सच्या रूआँची नि इंग्लंडच्या मँचेस्टरची नक्कल परत करत. विणणाऱ्याला मात्र ठाऊकच नाही की आपला ताणा-बाणा कोणाच्या गळ्याचा दोर होतोय. त्याला दलालाने उचल दिलेली, त्याला थान पुरं करायचं.

इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून आपलं छापील कापड त्यांच्या बाजारात बंद केलं. म्हणजे आधी बाजार बंद, मग यंत्राने नक्कल, मग तेच कापड उलटं इकडे. हे शाळेत "औद्योगिक क्रांती" या एका धड्यात उरकलं जातं. मला राग येतो तो याचा, की त्या धड्यात माग चालवणारा माणूस एकदाही दिसत नाही.

कटकची_सून | सोमवार, रात्री ११.२०

मी धरमपेठेतली. लग्न होऊन कटकला आले त्याला आता सतरा वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एका शेजारणीने विचारलं, "तुम्ही नागपूरच्या, म्हणजे बर्गी ना?" मला शब्द कळला नाही. बारगीर या आपल्या शब्दाचा तो बंगाली-ओडिया अवतार. भोसल्यांचे घोडेस्वार. बंगालात आया बाळाला झोपवताना बर्गी येतील म्हणून सांगत, पाळण्याच्या गाण्यात तो शब्द आजही आहे. मी ज्यांना लहानपणी पराक्रमी म्हणून ऐकलं, ते इथल्या आजीच्या तोंडी भीती म्हणून भेटले. त्या रात्री मी खूप वेळ जागी होते.

महालवासी, तुम्ही कवडीबद्दल लिहिलंत त्यात थोडी भर घालते. भोसल्यांच्या काळात इथे शेतकरी सारासुद्धा कवड्यांत भरत असे. १८०३ साली इंग्रजांनी कटकचा बाराबती किल्ला घेतला, डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि कटक-बालासोर नागपूरच्या हातून गेलं. कंपनीला हा किनारा हवाच होता, कारण कलकत्ता आणि मद्रास यांच्यामधला तुकडा तेवढा परका होता. मग त्यांनी काही वर्षांत सारा सिक्का रुपयांतच पाहिजे असं केलं. शेतकऱ्याच्या हातात कवडी, सरकारला पाहिजे चांदी. कवडी सरकार घेत नाही म्हटल्यावर बाजारात तिचा भाव कोसळला. काल ज्या राशीने सारा फिटत होता, ती आज अपुरी. त्यात मिठाची मक्तेदारी आणि जमिनीचे लिलाव. १८१७ मध्ये खुर्द्याला पाईकांनी, म्हणजे तिथल्या राजाच्या पायदळाने, बक्षी जगबंधूंच्या मागे उठाव केला, त्याच्या कारणांत ही कवडी अगदी वरच्या बाजूला आहे.

"कवडीमोल होणं" म्हणजे काय, हे इथल्या माणसांनी काही वर्षांतच अनुभवलं.

सक्करदरा_४४० | मंगळवार, सकाळी ८.५०

ताईंचा आदर ठेवून लिहितो. बर्गी, बर्गी म्हणून आपल्याच पूर्वजांना दोष देणं मला पटत नाही. त्या काळात सगळेच स्वाऱ्या करत होते. अलीवर्दीखानाने १७४४ मध्ये भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकरांना तहाच्या बोलणीला तंबूत बोलावून दगाफटका करून मारलं, त्यांच्याबरोबर त्यांचे सरदारही कापले. ते कोणी गाण्यात गात नाही. आणि ओडिशात भोसल्यांनी नुसती लूट केली असं नाही. जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था लावली, यात्रेकरूंची सोय केली, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीला आणून उभा केला. माणसं विकण्याचा धंदा युरोपियनांचा, त्याचा डाग नागपूरवर का?

महालवासी | मंगळवार, रात्री ९.१०

सक्करदरा भाऊ, भास्करपंतांचा खून हा विश्वासघातच होता, त्याबद्दल दुमत नाही. देवळाचंही खरं. डाग लावायचा नाहीये. पण आपण बाहेर उभे होतो असं म्हणता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

१७४२ ची गोष्ट बघा. भोसल्यांचे स्वार येतात या भीतीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा खंदक हेच त्याचं नाव. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मग काम थांबलं, कारण स्वार तिथवर आलेच नाहीत. १७९९ मध्ये तो बुजवून वर सर्क्युलर रोड केला. पण त्या भीतीचा परिणाम खंदकापुरता नव्हता. भागीरथीच्या पश्चिमेचे विणकर, रेशीमवाले, सावकार नदी ओलांडून पूर्वेला आणि कंपनीच्या आसऱ्याला कलकत्त्यात गेले. ज्या कंपनीला आपण नंतर हरवू शकलो नाही, तिच्या शहराची वस्ती आपल्या घोड्यांनी वाढवली. कंपनीने १७५७ ला प्लासी जिंकली, १७६५ ला बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसुलीचा हक्क, घेतली, आणि मग सराफ काकांनी सांगितलेली चांदी आणायची तिला गरजच उरली नाही. बंगालच्या शेतकऱ्याच्याच साऱ्यातून बंगालचं कापड विकत घ्यायचं. १७७० च्या दुष्काळात बंगालची लाखो माणसं मेली, तेव्हाही वसुली थांबली नाही.

कवडीचंही तसंच. बालासोरला गलबत लागलं तेव्हा त्यावरची जकात भोसल्यांच्या अंमलदाराने घेतली असेल, आणि त्याला विदाह कुठे आहे हे माहीतही नसेल. मला त्या न माहीत असण्याचंच वाईट वाटतं. गोळीबार चौकवाल्या मित्राने विणकराबद्दल जे लिहिलं, तेच इथेही.

खर्रा_सोडलेला | बुधवार, पहाटे ५.४५

वडील तोंडाच्या कर्करोगाने गेले, तीन वर्षं झाली. पंधराव्या वर्षापासून खर्रा, म्हणजे पन्नीत घासलेली सुपारी-तंबाखू. शेवटी तोंड उघडत नव्हतं, नळीने मुगाचं पाणी द्यायचो. पानठेल्यावर पन्नी घासण्याचा आवाज आला की अजून पोटात कालवतं.

तंबाखूही त्याच जहाजांतून आलेला. अमेरिकेतून पोर्तुगीजांकडे, त्यांच्याकडून दख्खनमध्ये. १६०४ मध्ये मुघलांचा वकील असदबेग याने विजापूरहून नेऊन तो अकबरापुढे ठेवला. हकीम नको म्हणाले, दरबाऱ्यांनी ओढलाच. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली, ती कोणी पाळली नाही. दुसरीकडे ब्राझीलच्या बाहियात हलक्या प्रतीची पानं उसाच्या काकवीत भिजवून त्यांचे वेटोळे करत आणि विदाहच्या बाजारात माणसांच्या बदल्यात देत. तिथे त्या गोड वासाच्या तंबाखूला एवढी मागणी होती की इतर देशांचे व्यापारीही तो पोर्तुगीजांकडून मिळवायचे.

ऊस, तंबाखू, कापूस, तिन्ही गुलामांच्या कष्टावर. यादीत पुढे आमचं घर.

इतिहासाचा_तास | बुधवार, रात्री १०.३०

मी शाळेत इतिहास शिकवते. वरचं सगळं नववीच्या वर्गात वाचून दाखवलं. खर्रा सोडलेल्या दादांचा प्रतिसाद वाचताना वर्ग शांत होता, दोन मुलांनी मान खाली घातली.

मुलांनी विचारलं, किती माणसं नेली? अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेले आफ्रिकी लोक सुमारे सव्वा कोटी. पलीकडे जिवंत उतरले ते एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधला फरक समुद्रात. सर्वांत जास्त ब्राझीलला, आणि तिथे गुलामगिरी संपली १८८८ साली, म्हणजे आपली नागपूरची एम्प्रेस कापड गिरणी सुरू होऊन अकरा वर्षं झाल्यावर. एका मुलीने ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दुसरा प्रश्न होता, आपल्या बाजूच्या समुद्रात हे होत नव्हतं का? होत होतं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादेत पुन्हा विकला गेला आणि अहमदनगरच्या पेशव्याने, चंगीझखानाने, त्याला विकत घेतलं. पुढे त्याने निजामशाही पेलली, खडकी (पुढचं औरंगाबाद) शहर वसवलं. इथून तिकडेही माणसं गेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशातली एक मुलगी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला बाप्तिस्मा दिला, मनिलाच्या बाजारात विकली, आणि चांदीच्या त्याच जहाजमार्गाने ती मेक्सिकोला पोहोचली. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान हुआन नावाने जगली, लोक तिला संत मानत, १६८८ मध्ये वारली. आईने ठेवलेलं तिचं नाव मीरा होतं असं सांगतात. हे सांगताना माझा आवाज बसला. डचांनी केप टाउनला नेलेल्या गुलामांतही बंगाल आणि मलबारचे खूप होते.

सक्करदरा भाऊंसाठी एक मुद्दाम. १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात माणसं विकत घेण्यास आणि बाहेर नेण्यास मनाई केली. आधीच्या राजवटीत ती मोकळीक होती असंही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे त्या काळात सगळेच करत होते, त्यामुळे कोणाला दिसत नव्हतं, असं नाही. दिसत होतं, आणि दिसल्यावर थांबवणाराही आपल्यातच होता.

सक्करदरा_४४० | बुधवार, रात्री ११.०५

बाई, हा कौल मला माहीत नव्हता. मुलाला वाचून दाखवला. ताईंच्या मुद्द्यावरही विचार करतोय.

उपासाचं_ताट | गुरुवार, सकाळी ९.००

आज आमच्याकडे गुरुवारचा उपास. साबुदाणा भिजवताना धागा आठवला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा पेरूच्या डोंगरातला, मिरची मेक्सिकोची. रताळं आणि राजगिराही तिकडचेच. आपल्याकडचं काय, तर तूप आणि मीठ. "बटाटा" शब्द पोर्तुगीज, आणि ज्या परातीत मी साबुदाणा पसरलाय ती परातही पोर्तुगीजच. वर महालवासींनी "लिलाव" लिहिलंय, तोही त्यांचाच शब्द.

कटकची_सून | गुरुवार, रात्री १०.१०

सासूबाईंना सगळा धागा ओडियात सांगितला. त्या शेतकऱ्याच्या घरच्या, शाळा चौथीपर्यंत. कवडी पैसा होती हे त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं, मालदीव पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाल्या, आम्ही अजून तसंच मोजतो की. आंबे गंड्याने, विड्याची पानं पणाने, आणि भाताचा पेंढा काहणाने. या वर्षी गावच्या शेतातून किती पेंढा आला विचारलं, तर म्हणाल्या अडीच काहण. मी कागदावर गुणाकार केला, ३२०० पेंढ्या.

महालवासी, तुमच्या डब्यात कवड्या किती आहेत?

महालवासी | गुरुवार, रात्री १०.२५

आत्ता मोजल्या. दहा गंडे आणि वर तीन. एक कोपऱ्यात फुटलेली आहे, ती धरून.